पटावर बारा

३ फेब्रुवारी २००८, रविवार

आलो! अखेर समुद्रापाशी येऊन पोचलो.

कराडच्या घराला कुलूप लावून निघालो. आंबा घाट उतरून गाडी पालीच्या पुढे आली, खिडकीतून ओलसर वारा लागला आणि पंचेचाळीस वर्षं गळून पडली. माझी पहिली नेमणूक आंजर्ल्याच्या शाळेत होती, १९६३ साली. तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. खाडीकडे तोंड करून मुलं कविता म्हणायची आणि शेवटची ओळ वारा पळवायचा. पुढे बदली देशावर झाली, संसार झाला, निवृत्ती झाली. दोन वर्षांपूर्वी ही गेली. उरलेले दिवस लाटा ऐकत काढायचे हे तेव्हाच ठरलं होतं.

रत्नागिरीपासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवरच्या या वाडीत इद्रीसभाईंची माडी भाड्याने मिळाली. इद्रीसभाईंनी सारी हयात आखाती बोटींवर काढली, आता गुडघे धरलेत. मला ‘मास्तर’ म्हणतात. त्यांच्या पत्नी फरीदाभाभी कमी बोलतात, पण दुपारी जिन्यावरून बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी आली. असं जेवण देशावर नाही.

माझी खोली दर्याकडची. खालीच परसातली विहीर, तिच्यापलीकडे माड, मग वाळू, मग पाणी. खिडकी एवढी मोठी की आत माणूस मांडी घालून बसेल.

माडी पसंत पडायला आणखी एक कारण होतं. खाली इंटरनेट आहे, बिनतारी. माझी लेक कमळा आणि जावई दीपक बहारीनला असतात. नात संस्कृती सहा वर्षांची. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी साडेदहाला आमची शाळा भरते. मला एवढंच एक उरलंय, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. माझा संगणक कराडलाच बंद पडला, हे ऐकून इद्रीसभाईंनी कपाटातून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक जुना लॅपटॉप काढून दिला. घरातच पडून होता म्हणाले, वापरा. कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आमची शाळा अशी: मी पडद्यावर दिसलो की आधी हजेरी घेतो. आधी तिच्या बाहुल्यांची नावं, शेवटी “संस्कृती दीपक पेडणेकर!” मग ती उभी राहते, हात वर करते आणि कानठळ्या बसतील अशी ओरडते, “हजर, आजोबा!” मग कविता. तिला गल्फात राहून मराठी ‘ळ’ येतो, तो माझ्या या हजेरीमुळे.

आज मात्र तीनदा खंड पडला. “हजर” म्हणायला तोंड उघडलेलं आणि चित्र तसंच गोठलेलं. कोपऱ्यातल्या सिग्नलच्या चार दांड्या आधी भरलेल्या, मग दोन, मग लाल फुली. कमळाने तिकडून एकेक उपाय सांगितले. खालचा इंटरनेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करा. लॅपटॉप जिन्याजवळ न्या. बाजूचं बटण सरकलंय का बघा. सगळं केलं. जिन्यात बसलो तर चाललं, पण संस्कृती म्हणाली, आजोबा, तुमचं तोंड काळं दिसतंय, खिडकीतच बसा ना, मागे समुद्र दिसतो.

खिडकीत बसलो. पुन्हा तुटलं.

हजेरीवरून एक जुनी गोष्ट आठवली. आंजर्ल्याला भागोजी नावाचा एक पोरगा मित्राच्या नावाला स्वतःच “हजर” म्हणायचा. आवाज बदलून! पकडला तेव्हा छड्या दिल्या. वर सांगितलं, अरे, नाव कोणाचंही घेऊ दे, ओ ज्याने दिली तो अडकला. आता छड्यांचं वाईट वाटतं.

११ फेब्रुवारी, सोमवार

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला अरशद आला. तिशीचा, हसरा. जिना चढतानाच म्हणाला, मास्तर, कवितेच्या वजनाने नेट तुटत असेल!

त्याने दोन मिनिटांत रोग सांगितला आणि मला तो फार आवडला. हे जुने लॅपटॉप पूर्वी ज्या ज्या नेटवर्कला जोडलेले असतात त्यांची यादी मनात ठेवतात. घरचं नेटवर्क समोर असलं तरी अधूनमधून ते सोडून जुनं शोधत सुटतात, म्हणून तुटतं. “तुमच्यासारखंच आहे हे मास्तर. बसलंय इथं, ध्यान मागं.” जुनं नाव यादीतून काढलं की झालं.

यादी उघडली. आमच्या घरच्या नावाच्या वर एकच नाव होतं, इंग्रजीत. सी फलाह.

अरशदचं हसू गेलं. त्याने ते नाव पुसलं, हात पँटला पुसले, चहाला थांबला नाही. जाताना विचारलं की हे नाव मी मोठ्याने वाचलं का. नाही म्हणालो. बरं झालं म्हणाला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पंधरा मिनिटं छान चाललं. मग तुटलं. यादी उघडून पाहिली. सी फलाह परत सगळ्यांत वर आहे. मी पुन्हा काढलं. डोळ्यांदेखत पुन्हा आलं.

संध्याकाळी इद्रीसभाईंना विचारलं. पायाच्या नखांकडे बघत त्यांनी सांगितलं. लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, उमेरचा. तो सी फलाह नावाच्या लहान मालवाहू बोटीवर वायरमन होता. बोटीवर त्यानेच बिनतारी नेट बसवलं होतं, पोरांना गाणी इकडून तिकडे पाठवायला. शेवटच्या सुट्टीत लॅपटॉप घरी ठेवून गेला. २००५ च्या मार्चात बहारीन बंदर सोडल्यावर बोट कुठेच पोचली नाही. फळकूटही मिळालं नाही. सगळे याच किनाऱ्यावरचे, हिंदू-मुसलमान मिळून अकरा.

मी लॅपटॉप परत करू लागलो तर नको म्हणाले. घरात तो चालू असला की फरीदाला बरं वाटतं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी बारा ते तीन वीज जाते. भारनियमन. पंखा थांबला, खालच्या डब्याचे हिरवे दिवे विझले, ते मी स्वतः पाहून आलो. वर आलो तर लॅपटॉप चालू होता. याची बॅटरी दहा मिनिटांवर टिकत नाही, म्हणून बंद करायला बसलो आणि पाहतो तर चारही दांड्या भरलेल्या.

साऱ्या वाडीत वीज नाही, मग नेटवर्क कुठलं? यादी उघडली. सी फलाह. त्याच्याखाली एकेक नाव उगवत होतं, पहिलं माझ्या आंजर्ल्याच्या पोराचंच, पण इकडे ते घरोघर असतं. भागोजी. दाऊद. हसन. सदू. उमेर. विठू. अशी अकरा. कमळाने मागे सांगितलं होतं की एक यंत्र थेट दुसऱ्या यंत्राला जोडता येतं, तेव्हा असं मालकाचं नाव दिसतं.

आता माझा मूर्खपणा लिहितो. चाळीस वर्षांची सवय. एकाखाली एक नावं दिसली की माझा गळा आपोआप साफ होतो. खिडकीत बसून, दर्याकडे तोंड करून, मी खणखणीत आवाजात हजेरी घेतली. भागोजी! दाऊद! हसन! गंमत म्हणून. प्रत्येक नावानंतर त्याच्यासमोर ‘जोडले’ असं येत गेलं.

उमेरच्या नावाला खाली परसात काहीतरी पडून फुटलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

काल फुटली ती फरीदाभाभींची बरणी. आज त्या पहिल्यांदाच माडीवर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथला जुना नेम आहे म्हणाल्या. ज्याला माती मिळाली नाही, त्याला दर्याकडच्या खिडकीतून नाव घेऊन हाक मारायची नाही. कबर असलेला माणूस पडून राहतो. कबर नसलेला ओ देतो. त्यांनी स्वतः तीन वर्षांत एकदाही या खिडकीत पोराचं नाव घेतलेलं नाही. ओठ चावून राहिल्या. “आनी तुमी सगल्यांनाच बोलावलाव, मास्तर.”

मग हळूच, जिना उतरता उतरता विचारलं. ओ आली काय?

मी नाही म्हणालो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

इतकं स्वच्छ चित्र आजवर दिसलं नव्हतं. एकदाही तुटलं नाही. संस्कृतीच्या दुधाच्या दाताची फट दिसली, तिच्यामागच्या खिडकीतून बहारीनचा समुद्र दिसला. त्यांची इमारत किनाऱ्यालाच आहे, रस्ता ओलांडला की वाळू.

घरच्या नेटवर्कवर नव्हतो. कॉल संपल्यावर पाहिलं.

आणि एक. हजेरी झाल्यावर ती माझ्या खांद्याच्या मागे बघत म्हणाली, आजोबा, आज वर्गात एवढी माणसं का बसलीत?

मागे खिडकी होती. नुसती खिडकी.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

खाली कमळाचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. म्हणाली, आप्पा, काल तुम्ही आपणहून दुपारी संगणकावर आलात ते बरं केलंत, संस्कृती शाळेतून येऊन कंटाळली होती, अर्धा तास कशी गप्प बसून ऐकत होती! स्वयंपाकघरातून तुमचा आवाज येत होता. हजेरीसुद्धा घेतलीत.

काल दुपारी मी रत्नागिरीत वाचनालयात होतो. वीज नव्हती. खोलीला कुलूप होतं.

कमळाला म्हणालो, हो.

का म्हणालो?

२७ फेब्रुवारी, बुधवार

अरशदला बोलावलं. आला, पण माडी चढेना. विहिरीच्या कठड्यावर बसून, विडी न पेटवता, त्याने सांगितलं.

बोटीच्या कागदावर बारा नावं होती. बारावा अरशद. निघायच्या आदल्या दिवशी त्याला कावीळ झाली, तो बंदरावर राहिला, बोट अकरा जणांना घेऊन गेली. बारावी जागा रिकामी. तेव्हापासून दुकानात जो जुना लॅपटॉप दुरुस्तीला येतो, त्याच्यात वीज गेली की सी फलाह दिसतं आणि आतून त्याचं नाव घेतलं जातं. उमेरच्या आवाजात. कधी अरशदच्या स्वतःच्या आईच्या. तो ओ देत नाही. तीन वर्षांत दुकानात कोणी अरशद म्हणून हाक मारली तरी ओ देत नाही, आधी माणूस बघतो.

“मी नाय म्हनत नाय, मास्तर. मी फक्त गप ऱ्हातो. म्हनून वाचलो.”

मग त्याने विचारलं, त्या दिवशी हजेरी घेताना खिडकीत आणखी कोणाचं नाव घेतलं होतं का.

त्या दिवशी नाही. पण दर शुक्रवारी त्याच खिडकीत बसून घेतो की. आणि ती ओ देते. उभी राहून, हात वर करून. मीच शिकवलंय.

२९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हजेरी घेतली नाही. तिला नीट बजावलं. बाळा, कोणीही नाव घेतलं, आजोबांच्या आवाजात घेतलं तरी, हजर म्हणायचं नाही.

ती हसली. म्हणाली, पण दुसरे आजोबा तर म्हणतात मोठ्याने म्हण.

कोण दुसरे?

रोज दुपारी येतात ते. तुमच्यासारखेच. त्यांचे केस ओले असतात.

मग तिने त्यांनी शिकवलेली कविता म्हणून दाखवली. चाल माझीच होती, टाळ्या माझ्याच:

वाळूची पाटी, लाटेचा बोळा,
लिहिलं नाव की फिरतो बोळा.
अकरा बसले, जागा एक,
ये गं ये गं, लेकीची लेक.

मी ही कविता कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. कमळाला ओरडून सांगितलं, संगणक बंद कर, कपाटात टाक, तिला पाण्याकडे नेऊ नको. ती घाबरली. माझ्याच आवाजाला घाबरली असावी.

यादीत बारावी ओळ आली आहे. संस्कृती. समोर लिहिलंय, ‘जोडत आहे’.

१ मार्च, शनिवार

बॅटरी काढून ट्रंकेत टाकली. लॅपटॉप विहिरीत सोडला. बुडताना पडद्यावर उजेड होता.

३ मार्च, सोमवार

टेबलावर आहे.

फरीदाभाभींनी पोहऱ्याने काढला, उन्हात वाळवला, पुसून आणून ठेवला. माझे पाय धरायला वाकल्या. त्यातून उमेर ‘अम्मा’ म्हणतो म्हणाल्या, तेवढं एक तोडू नका. माझी एक नात आहे म्हणालो. त्या रडल्या. माझा तर तेवढाही नाही म्हणाल्या.

त्यांच्यावर मला रागवता आलं नाही.

बॅटरी ट्रंकेतच आहे. लॅपटॉप चालू आहे.

४ मार्च, मंगळवार

कमळाचा फोन. संगणक चार दिवस कपाटात बंद आहे. तरी संस्कृती रोज दुपारी कपाटासमोर पाट मांडून बसते. आतून कोणीतरी नावं वाचतं. कमळाने स्वतः ऐकलं. मी वाचतो तशीच, प्रत्येक नावानंतर जरा थांबून –

विचारत होती, आप्पा, हे काय आहे? घर सोडा, दुसरीकडे जा म्हणालो. दीपक कामासाठी बाहेरगावी आहे, रविवारी परत येईल म्हणे.

रविवार. फार लांब आहे.

५ मार्च

तिच्या नावासमोर एक दांडी भरली.

६ मार्च

तीन. – दुपारी ती झोपेत हजर म्हणू लागली, कमळाने तोंडावर हात ठेवला तोपर्यंत अर्धं बाहेर – जर पूर्ण आलं असतं –

इद्रीसभाई म्हणाले, मास्तर, तुम्ही कराडला जा. मी गेल्याने काय होणार? आवाज माझा इथे राहिला आहे.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी पावणेएक

इद्रीसभाई नमाजाला गेले आहेत. वीज नाही. खाली फोन वाजला, फरीदाभाभींनी घेतला, जिन्यातून ओरडून सांगितलं. संस्कृती घरात नाही. शाळेचे बूट घालून, दप्तर घेऊन गेली. शेजारणीला म्हणाली, आजोबा होडी घेऊन न्यायला आलेत. कमळा किनाऱ्यावर धावत गेली आहे, फोन तसाच उघडा टाकून.

पडद्यावर नावं सुरू झाली आहेत. कोणी वाचत नाही, तरी माझा आवाज ऐकू येतो. भागोजी. जोडले. दाऊद. जोडले.

बाराव्या नावाला ती ओ देणार. जिथे असेल तिथून. ती शहाणी मुलगी आहे, पहिल्या हाकेला देते –

चाळीस वर्षांत मला एक कळलं. मान खाली घालून हजेरी घेणाऱ्या मास्तरला ओ कोणाची आली ते दिसत नाही. आवाज आला की खूण करतो. नाव कोणाचंही घेऊ दे. आंजर्ल्याच्या भागोजीला यासाठी मी मारलं. चुकलो रे. तू मित्राला वाचवत होतास.

सदू. जोडले. उमेर – खाली भाभी मोठ्याने ओ देत आहेत, त्याच्या बदली, पण ते नाव आधीच जोडलेलं – भाभी, नका –

अकरा.

“संस्कृती दीपक –”

मी म्हटलं. उभं राहून. हात वर करून. तिच्यासारखा बारीक आवाज काढून. हजर, आजोबा.

थांबलं.

सगळं थांबलं, लाटसुद्धा.

तिचं नाव पुसट होतंय. दांड्या उतरल्या. तीन. एक. – फोनवर कोणीतरी – भाभी ओरडतायत, सापडली! सापडली, मास्तर! वाळूतच बसली होती, बूट कोरडे, विचारते आहे शाळा का सुटली –

कोरडे. कोरडे आहेत बूट.

बारावी ओळ रिकामी नाही. अक्षरं येत आहेत. माझं नाव माझ्याच अक्षरात, फळ्यावर लिहितो तसं.

खिडकीत पाणी आहे. विहिरीवरून, माडांवरून, इथवर, आवाज न करता. होडीत अकरा जण बसले आहेत, बाकावर बसावं तसे, हाताची घडी. ओले. एक जागा –

केसांतून पाणी गळतंय. वही भिजते. शाई –

पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. भागोजी. दाऊद. हसन. या वेळी प्रत्येक जण ओ देतो. चांगला वर्ग आहे. उमेरचा आवाज कोवळा आहे, भाभींना सांगा –

दहा. अकरा.

आता मा